झोपेवर पीएचडी म्हणजे नक्की काय करतेस? मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी समाजशास्त्रात पीएचडी करतेय आणि माझा विषय आहे रात्रपाळी करणाऱ्या माणसांच्या घरातली झोप. हे सांगितलं की पुढचे प्रश्न जवळपास ठरलेले असतात. काही नातेवाइकांचे, काही एमए करणाऱ्या मुलामुलींचे, काही ज्यांच्या घरी मी जाऊन बसते त्यांचे. दर वेळी वेगळं आणि अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावं म्हणून हे.

नक्की कशाचा अभ्यास करतेस, एका वाक्यात सांग ना

घरात कोणाची झोप मोडली तर चालते आणि कोणाची मोडली तर चालत नाही, आणि हे कोण ठरवतं, कसं ठरवतं.

पण झोप हा डॉक्टरांचा विषय आहे, समाजशास्त्राचा काय संबंध?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि मला तो आवडतो, कारण अख्खा थीसिस याच प्रश्नाला उत्तर आहे.

शरीराची बाजू आहेच, ती कोण नाकारतंय. शरीरातलं घड्याळ पेशींच्या पातळीवर कसं चालतं हे शोधल्याबद्दल २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना मिळालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं रात्रपाळीला २००७ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तेच मत कायम ठेवलं. म्हणजे रात्रपाळी शरीराला महाग पडते हे मी शोधायची गरज नाही, ते काम दुसरे लोक माझ्यापेक्षा चांगलं करतायत.

पण आता असा विचार करा की एक माणूस सकाळी कामावरून घरी आला आणि त्याला दुपारपर्यंत झोपायचंय. त्याच घरात मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत, बेल वाजतेय, फोन येतायत, शेजारी ड्रिल मशीन चालू आहे. त्याचं शरीर थकलेलं आहे म्हणून आपोआप झोप मिळते का? नाही मिळत. ती कोणीतरी मिळवून द्यावी लागते. कोणीतरी मुलांना बाहेर नेतं, कोणीतरी फोन जिन्यात जाऊन घेतं, कोणीतरी दाराशी जाऊन पाहुण्यांना हळू बोला म्हणतं, आणि हे ‘कोणीतरी’ बहुतेक घरांत तेच एक माणूस असतं. म्हणजे एकाच्या झोपेमागे दुसऱ्याचं जागेपण आहे, ते कोणाच्या पगारात मोजलं जात नाही, आणि बऱ्याचदा ते करणाऱ्यालाही काम वाटत नाही. ही गोष्ट रक्ततपासणीत दिसत नाही. इथे समाजशास्त्र लागतं.

आणि ही कल्पना माझी पण नाही हां. विल्हेल्म ऑबर्ट आणि हॅरिसन व्हाइट या दोघांनी १९५९ मध्येच झोपेचा समाजशास्त्रीय अर्थ लावणारा लेख लिहिला होता, की झोप नुसती शारीरिक अवस्था नाही, तिला जागा असते, वेळ असते, कोणासोबत झोपायचं आणि कोणासमोर झोपायचं नाही याचे नियम असतात. पुढे बरीच वर्षं हा विषय कडेलाच पडून राहिला आणि साधारण २००० नंतर त्यावर भरपूर काम व्हायला लागलं.

लोक पूर्वीपासून असंच झोपत आले नाहीत का?

नाही, आणि यात पण वाद आहे. रॉजर एकर्च नावाच्या इतिहासकारानं २००१ मध्ये मांडलं की औद्योगिक काळाआधी पश्चिम युरोपात लोक रात्रीत दोनदा झोपायचे, पहिली झोप, मग तासभर वगैरे जाग, मग दुसरी झोप, आणि त्याचे उल्लेख त्याला कोर्टाच्या कागदांत, डायऱ्यांत सापडले. हे वाचून खूप जणांनी लगेच ‘हीच नैसर्गिक झोप’ असं म्हणायला सुरुवात केली. पण २०१५ मध्ये टांझानियातले हाडझा, नामिबियातले सान आणि बोलिव्हियातले त्सिमाने या तीन समाजांत मोजमाप झालं, जिथे वीज नाही, आणि ते लोक बहुतेक एकाच सलग तुकड्यात झोपतात असं दिसलं, सरासरी ५.७ ते ७.१ तास. म्हणून मी ‘नैसर्गिक झोप’ हा शब्दच वापरत नाही, मला त्यापेक्षा कोणत्या समाजात कोणती झोप रास्त मानली जाते हे विचारायला आवडतं.

तू आधी काय शिकलीस?

बीएस्सी, संख्याशास्त्र. मग सुमारे दोन वर्षं एका मोठ्या गोदामात नोकरी, तिथे माझं काम शिफ्टचं रोस्टर लावणं. मग एमए समाजशास्त्र आणि आता पीएचडी.

संख्याशास्त्रातून समाजशास्त्रात? मध्येच काय झालं?

हे जरा सविस्तर सांगते कारण माझा विषय तिथूनच निघालाय.

रोस्टर म्हणजे एक भलीमोठी शीट, आडवे दिवस, उभी नावं, आणि प्रत्येक खान्यात सकाळ, दुपार किंवा रात्र. दोन शिफ्टमध्ये ठरावीक तास सुट्टी द्यायची असा नियम, आणि ती सुट्टी माझ्या शीटमध्ये रिकामा पांढरा चौकोन असायची. नियम पाळला गेला की चौकोन पांढरा, झालं, माझं काम बरोबर. शिफ्ट दर आठवड्याला फिरती ठेवायची म्हणजे सगळ्यांना सारखा त्रास, कोणावर अन्याय नाही, हे मला गणितानं अगदी पटलेलं होतं.

एक दिवस एक वयस्क कामगार आले आणि म्हणाले मला कायमची रात्रपाळी द्या. मला वाटलं जास्तीच्या भत्त्यासाठी म्हणतायत. ते म्हणाले भत्त्याचं नाही, फिरती शिफ्ट असली की आमच्या घरात कोणीच धड झोपत नाही, दर आठवड्याला सगळ्यांना सगळं नव्यानं शिकावं लागतं, कायमची रात्र असली की निदान घराला सवय होते. मी तेव्हा त्यांना काहीतरी ठरीव उत्तर दिलं आणि त्यांची विनंती मान्य झाली नाही. पण त्या दिवसापासून मला ते पांढरे चौकोन रिकामे दिसेनात. मी एका माणसाची शिफ्ट बदलत नव्हते, पूर्ण घराची बदलत होते, आणि त्या घरातल्या बाकीच्यांची नावं माझ्या शीटमध्ये कुठेच नव्हती.

नोकरी सोडायला त्यानंतरही बरेच महिने लागले. पण प्रश्न त्या दिवशी मिळाला होता.

मग संख्याशास्त्र वाया गेलं का?

अजिबात नाही, उलट मला ते रोज लागतं, फक्त वेगळ्या तऱ्हेनं.

एक उदाहरण देते. लोक दिवसाचे २४ तास कशात घालवतात हे मोजणाऱ्या सर्व्हेंना टाइम-यूज सर्व्हे म्हणतात. अलेक्झांडर सालाई यांच्या नेतृत्वाखाली १९६० च्या दशकात १२ देशांत असा प्रचंड अभ्यास झाला आणि तो १९७२ मध्ये छापला गेला, तेव्हापासून हे सर्व्हे चालतायत. यात साधारण तुम्हाला डायरी देतात, आणि युरोपातल्या डायरीत दिवस १० मिनिटांच्या तुकड्यांत कापलेला असतो, प्रत्येक तुकड्यात मुख्य काय करत होतात ते लिहायचं. आता आजारी मुलाशेजारी आडवी पडलेली आई, डोळे मिटलेले पण कान उघडे, ती त्या खान्यात काय लिहील? ‘झोप’ लिहील. आणि टेबलमध्ये तिची झोप आणि ज्याला कोणी उठवणारच नाही अशा माणसाची झोप एकाच रकान्यात जाऊन बसते. मला आकडे वाचता येतात म्हणून आकड्यांत काय बसलं नाही ते मला लवकर दिसतं, आणि हे मी एमएला गेल्यावर नाही शिकले, बीएस्सीतच शिकले होते, फक्त तेव्हा त्याला ‘मोजमापातली चूक’ म्हणायचे.

मी सायन्सची / कॉमर्सची आहे, मला समाजशास्त्रात पीएचडी जमेल का?

जमेल, आणि तुम्ही पहिल्या नसाल. पाया घालणाऱ्यांची यादी काढून बघा. मॅक्स वेबर कायदा आणि आर्थिक इतिहास शिकलेले, १८८९ चा त्यांचा डॉक्टरेटचा प्रबंध मध्ययुगीन व्यापारी भागीदाऱ्यांवर. विल्फ्रेडो परेटो इंजिनिअर होते, रेल्वेत काम केलेले. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांची १८९५ ची हार्वर्डची पीएचडी इतिहासात, आणि चार वर्षांत त्यांनी फिलाडेल्फियातल्या कृष्णवर्णीय वस्तीचा घरोघरी जाऊन केलेला अभ्यास छापला. शिकागोचे रॉबर्ट पार्क आधी पत्रकार होते. पॉल लाझार्सफेल्ड गणितातले डॉक्टर. आणि वर ज्यांचा उल्लेख केला, झोपेवरच्या लेखाचे सहलेखक हॅरिसन व्हाइट, त्यांची पहिली पीएचडी होती सैद्धांतिक भौतिकशास्त्रात.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते, जमणं आणि लगेच जमणं यात फरक आहे. मला पहिलं वर्षभर वर्गात काय चाललंय ते कळायचंच नाही असं व्हायचं. गणितात व्याख्या एकदा दिली की ती तीच राहते, इथे ‘वर्ग’ (कामगार वर्ग, मध्यमवर्ग यातला) हा शब्द मार्क्स एका अर्थानं वापरतो, वेबर दुसऱ्या, फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बूर्द्यू तिसऱ्या, आणि तिघांची भांडणं समजल्याशिवाय शब्दच समजत नाही. त्याला शॉर्टकट नाही. मूळ पुस्तकं हळू वाचायची, परत वाचायची, आणि शेजारी वही घेऊन हा माणूस कोणाशी भांडतोय ते लिहीत जायचं. मला तेवढ्यानं खूप फरक पडला.

समाजशास्त्र म्हणजे सोशल वर्क ना?

नाही. सोशल वर्क हा वेगळा अभ्यासक्रम आणि वेगळा व्यवसाय आहे, तिथे माणसाला थेट मदत कशी करायची त्याचं प्रशिक्षण असतं. मी समाजात गोष्टी अशा का आहेत ते शोधते. दोन्हींचा एकमेकांना उपयोग होतो.

आणि मानसशास्त्र?

मानसशास्त्रवाली मैत्रीण विचारेल तुला झोप का लागत नाही. मी विचारेन तू जागी असताना घरात कोण झोपलेलं असतं.

फिल्डवर्क म्हणजे नक्की काय करतेस? लोकांना झोपताना बघतेस?

नाही हो, झोपलेल्या माणसाकडे मी बघत नाही, तो त्या वेळी हो-नाही म्हणू शकत नाही ना. मी जाग्या माणसांकडे बघते.

ढोबळमानानं असं चालतं. एखादं घर तयार झालं की आधी मी फक्त ओळख करून घ्यायला जाते, काय विचारणार, रेकॉर्डिंगचं काय होणार, कधीही थांबवता येईल, हे सगळं समजावून लेखी संमती घेते. मग घरातल्या मोठ्या माणसांच्या मुलाखती वेगवेगळ्या घेते, वेगवेगळ्या हे फार महत्त्वाचं. नवराबायको एकत्र बसले की एकच गोष्ट तयार होते, ती बहुतेक वेळा ज्याचा आवाज मोठा त्याची. मग सात दिवसांची झोपेची डायरी, त्यात कधी झोपलात, कधी उठलात हे असतंच पण माझे दोन जादा रकाने असतात, तुम्हाला कोणी उठवलं आणि तुम्ही कोणाला उठवलं. आणि शेवटचा भाग म्हणजे मी दिवसा त्या घरात जाऊन बसते, रात्रपाळीवाला माणूस आत झोपलेला असतो आणि मी बाहेरच्या खोलीत बाकीच्यांसोबत.

तिथे जे दिसतं ते कुठल्याच प्रश्नावलीत आलं नसतं. एका घरात लहान मुलगी दार बंद करताना आधी हँडल पूर्ण खाली दाबते, दार चौकटीला टेकवते आणि मग हँडल हळू सोडते, खट्ट होऊ नये म्हणून. तिला हे कोणी शिकवलं विचारलं तर तिला आठवेना, तिच्या दृष्टीनं दार असंच लावतात. एका घरात बेलची वायरच काढून ठेवलेली. एका घरात आजी दिवसभर टीव्ही आवाज बंद करून बघतात आणि त्यांना सगळ्या मालिकांच्या गोष्टी स्वतःच्या मनानं जुळवलेल्या तोंडपाठ आहेत. अशा ठिकाणी मी वहीत भराभरा लिहीत नाही, शब्द दोन शब्द टिपते आणि घरी आल्यावर त्याच रात्री सविस्तर लिहून काढते, दुसऱ्या दिवसावर ढकललं की अर्धं जातं.

असं नुसतं बघून काय सिद्ध होतं?

नुसतं बघणं पण पद्धतशीर असू शकतं. याचं माझं आवडतं उदाहरण मारिएन्थालचं आहे. ऑस्ट्रियातलं गाव, कापड गिरणी बंद पडली आणि जवळपास सगळं गाव बेकार झालं. मारी याहोडा, लाझार्सफेल्ड, हान्स झाइझेल आणि त्यांच्या टीमनं तिथे काम केलं आणि १९३३ मध्ये ते छापलं. त्यांनी काय केलं माहितीये, खिडकीत आडून उभं राहून रस्त्यावरून जाणाऱ्या लोकांचा चालायचा वेग मोजला आणि कोण किती वेळा थांबतं ते मोजलं. बेकार पुरुष हळू चालत होते, मध्येच थांबत होते. बायका मात्र फारशा थांबत नव्हत्या, कारण गिरणी बंद पडली तरी घरचं काम बंद पडलं नव्हतं. म्हणजे एकाच बेकारीत दोघांचा वेळ सारखा रिकामा झाला नाही, हे त्यांनी लोकांच्या पावलांवरून दाखवलं. मी हे वाचलं तेव्हा मला कळलं की मला काय करायचंय.

अजून एक, त्या टीमचा नियम होता की कोणीही गावात नुसता बघ्या म्हणून राहायचं नाही, प्रत्येकानं गावाच्या उपयोगी पडेल असं काहीतरी करायचं, त्यांनी कपडे वाटले, डॉक्टरी तपासण्या ठेवल्या. मी माझ्या परीनं हे पाळायचा प्रयत्न करते. मी बसलेय तोवर मुलांचा अभ्यास घेते आणि घरातल्या जागत्या माणसाला सांगते तुम्ही तासभर पडा, मी बघते बेलकडे. असं केल्यानं मी जे बघायला आले तेच थोडं बदलतं हे मला माहीत आहे आणि ते मी थीसिसमध्ये स्पष्ट लिहिणार आहे. पण समोर माणूस झोपेनं पेंगत असताना वही घेऊन बसून राहणं मला जमत नाही.

किती जणांशी बोललीस? एवढ्या कमी लोकांवरून निष्कर्ष कसा काढणार?

संख्याशास्त्रवाल्या मित्रांचा हा पहिला प्रश्न. मला पण सुरुवातीला हाच पडला होता.

यावर मारिओ लुईस स्मॉल यांचा २००९ चा लेख जरूर वाचा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की मुलाखतींच्या अभ्यासाला सर्व्हेसारखं दाखवायच्या नादाला लागू नका, पन्नास लोक रँडम निवडले म्हणून ते देशाचे प्रतिनिधी होत नाहीत. त्यापेक्षा प्रत्येक केस नीट समजून घ्या, मग तुमचं स्पष्टीकरण जिथे मोडू शकेल अशी पुढची केस मुद्दाम शोधा. मी तसंच करते. ग्लेझर आणि स्ट्रॉस यांनी १९६७ मध्ये जी कल्पना मांडली की नवीन केसमधून मुद्द्याबद्दल नवीन काही येईनासं झालं की थांबायचं, ती पण मी वापरते, पण सावधपणे, कारण मी दमले म्हणून मला नवीन काही दिसत नाहीये की खरंच नवीन काही नाहीये हे स्वतःला दरवेळी विचारावं लागतं.

लोक तुझ्याशी खरं बोलतात का?

बहुतेक बोलतात. पण खरं एकच नसतं. एका घरात नवऱ्यानं सांगितलं आमची मुलं रात्री उठतच नाहीत. बायकोच्या डायरीत त्याच आठवड्यात नऊ वेळा मुलांसाठी उठल्याची नोंद. तो खोटं बोलत नव्हता, तो झोपला होता. माझ्यासाठी ही विसंगती हाच सगळ्यात मोलाचा पुरावा आहे, कारण घरात कोणाला काय माहीत नसून चालतं हे त्यातून कळतं.

लोकांची ओळख बाहेर येत नाही ना?

नाव, कामाची जागा, कुटुंबाची रचना मी बदलते, आणि वर सांगितलेल्या गोष्टींतही ओळख पटेल असे तपशील बदललेत. पण खरा धोका बाहेरच्यांपेक्षा घरातल्यांचा असतो. बायकोनं मला वेगळं सांगितलेलं नवऱ्यानं थीसिसमध्ये वाचलं आणि ओळखलं तर? नाव बदलून हे सुटत नाही. म्हणून एकाच घरातली दोन माणसं मी बऱ्याच ठिकाणी दोन वेगळ्या घरांतली असल्यासारखी लिहिते आणि काही गोष्टी, कितीही चांगल्या असल्या तरी, लिहीतच नाही. १९७० मध्ये अमेरिकन समाजशास्त्रज्ञ लॉड हम्फ्रीज यांचा अभ्यास छापला गेला, त्यांनी पुरुषांच्या आपसातल्या गुप्त लैंगिक भेटींचं निरीक्षण करून त्यांच्या गाड्यांच्या नंबरवरून घरं शोधली आणि नंतर वेगळ्याच सर्व्हेचं निमित्त सांगून तिथे मुलाखती घेतल्या. त्यावर अजूनही वर्गात भांडणं होतात आणि व्हायलाच पाहिजेत. माझं मत ठाम आहे, त्या लोकांना विचारायला हवं होतं.

फिल्ड नोट्स हरवल्या तर?

तीन ठिकाणी कॉपी ठेवा, त्यातली एक घराबाहेर, आणि सगळ्या पासवर्ड लावून. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी केलेल्या एका गावाच्या अभ्यासाच्या प्रक्रिया केलेल्या नोंदी १९७० मध्ये स्टॅनफर्डला लागलेल्या आगीत जळाल्या, तिन्ही प्रती तिथेच होत्या. त्यांनी मग आठवणीतून लिहायला घेतलं आणि १९७६ मध्ये पुस्तक आलं, ते उत्तम आहे, त्यांच्या आठवणीत गाव इतकं खोल उतरलेलं होतं. आपलं तेवढं उतरलेलं असेलच असं नाही.

आतापर्यंत काय सापडलं?

थीसिस अजून लिहितेय त्यामुळे हे पक्कं समजू नका, पण दोन गोष्टी सांगते.

पहिली, रात्रीच्या झोपेला परवानगी लागत नाही पण दिवसाच्या झोपेला लागते. रात्री अकराला फोन केला तर लोक आधी सॉरी म्हणतात, सकाळी अकराला कोणी म्हणत नाही, उलट अजून झोपलाय का असं विचारतात. रात्रपाळी करणाऱ्या माणसाला आपण आळशी नाही हे सतत दाखवत राहावं लागतं, बरेच जण म्हणूनच पूर्ण झोप व्हायच्या आत उठून बाहेर येऊन बसतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९९० चा रात्रीच्या कामाबद्दलचा करार आहे, त्यात मध्यरात्र ते पहाटे ५ हा वेळ धरून सलग किमान ७ तासांचं काम म्हणजे रात्रीचं काम अशी व्याख्या आहे. कामाची व्याख्या झाली, पण त्यानंतरच्या झोपेला कोणतं नाव नाही आणि वेळ नाही.

दुसरी, ही परवानगी सगळ्यांना सारखी मिळत नाही. पुरुष रात्रपाळी करून आला की घर शांत होतं. बाई रात्रपाळी करून आली की ती आधी घर आवरते, मुलांचं बघते आणि मग उरलेल्या वेळात पडते, आणि तिच्या खोलीचं दार अर्धवट उघडं असतं, काही लागलं तर हाक मारता यावी म्हणून. आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८९ मध्ये नोकरी करून आल्यावरच्या घरकामाला दुसरी शिफ्ट म्हटलं होतं. २००८ मध्ये सुसान व्हेन, सारा आर्बर आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या मुलं असलेल्या जोडप्यांच्या झोपेवर लिहिताना रात्रीच्या झोपमोडीला चौथी शिफ्ट म्हटलं, आणि ती बहुतेक बाईच्याच वाट्याला येते, ती नोकरी करत असली तरी. मी जे बघतेय ते याच्या उलट्या बाजूनं, जिथे दिवस आणि रात्रच अदलाबदल झालीये.

पण मग एका घरानं माझा मुद्दा मोडला. बाई रात्री कामाला, आणि तिच्या झोपेसाठी नवरा अक्षरशः पहारा देत होता, मुलांना घेऊन बाहेर जाणं, तिचा फोन स्वतःकडे ठेवणं, सगळं. माझा एक चॅप्टर जवळपास तयार होता आणि हे घर त्यात कुठेच बसेना. बरेच दिवस मी अपवाद म्हणून बाजूला ठेवावं का असा विचार करत होते, आता त्याची मला लाज वाटते. नंतर दुसऱ्या मुलाखतीत कळलं की तो स्वतः आधी बरीच वर्षं रात्रपाळीत होता. ज्यानं स्वतः दिवसा झोपायचा प्रयत्न केलाय त्याला दुसऱ्याची दिवसाची झोप दिसते, असं काही आहे का? सध्या मी अशीच घरं शोधतेय, आणि तो चॅप्टर पुन्हा पहिल्यापासून लिहितेय.

गाइड कसा निवडायचा?

नावावर जाऊ नका. त्यांच्याकडे सध्या पीएचडी करणाऱ्या दोघातिघांशी एकट्यानं बोला आणि एवढंच विचारा, दिलेलं लिखाण किती दिवसांत वाचून परत मिळतं आणि तुमचं मत त्यांच्यापेक्षा वेगळं निघालं तर काय होतं. माझ्या गाइडचा विषय झोप नाहीच, पण त्या प्रत्येक ड्राफ्टवर एकच प्रश्न लिहितात, ‘हे तुला कसं कळलं?’ आणि त्या एका प्रश्नानं मला जेवढं शिकवलंय तेवढं कुठल्या पेपरनं नाही.

लिखाणाला एवढा वेळ का लागतो?

एका तासाचं रेकॉर्डिंग उतरवायला मला पाच ते सहा तास लागतात, कारण पॉज, हसणं, मध्येच कुजबुजत बोलणं हे पण लिहावं लागतं, आणि माझ्या मुलाखतींत कुजबुज फार असते, आत कोणीतरी झोपलेलं असतं ना. मग ते वाचत वाचत कोडिंग, म्हणजे प्रत्येक परिच्छेदाला हा कशाबद्दल आहे त्याचं नाव देत जाणं. सॉफ्टवेअर आहेत पण ती फक्त सापडायला मदत करतात, विचार तुम्हालाच करावा लागतो. समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी ‘द सोशिऑलॉजिकल इमॅजिनेशन’ या १९५९ च्या पुस्तकाच्या शेवटी संशोधकानं स्वतःची फाइल कशी ठेवावी यावर एक परिशिष्ट जोडलंय, पीएचडीच्या पहिल्याच आठवड्यात वाचण्यासारखं आहे, मी ते तिसऱ्या वर्षी वाचलं.

याचा उपयोग काय, कोणाचं आयुष्य बदलणार?

मला एक गोष्ट झालेली बघायची आहे. रोस्टर लावणाऱ्या माणसानं शिफ्ट फिरती ठेवावी की कायम ठेवावी हे ठरवायच्या आधी कामगारांना विचारावं, की घरी कोण कोण आहे आणि तुमच्या घराला काय सोसतं. कायमची रात्र सगळ्यांना बरी असं मी म्हणत नाही, शरीराच्या दृष्टीनं त्यावर वेगळे आक्षेप आहेत. पण विचारणं शक्य आहे, त्या शीटमध्ये एक रकाना वाढवायचाय फक्त. मी ती शीट लावलेली आहे म्हणून मला माहीत आहे की जागा असते.

मी रात्रपाळी करते, मला तुझ्या अभ्यासात भाग घ्यायचाय. काय करावं लागेल?

आधी घरातल्यांना विचारा, कारण मी त्यांच्याशी पण बोलणार आहे आणि तुमचा होकार त्यांच्या वतीनं चालत नाही. डायरी भरायला रोज दहा मिनिटं पुरतात, एखादा दिवस राहिला तर राहू दे, मागचं आठवून भरू नका. मध्येच नको वाटलं तर कारण न देता थांबा, तुमचं रेकॉर्डिंग मी काढून टाकते. आणि वेळ ठरवायला फोन तुम्ही करा, मी आपणहून करत नाही, तुम्ही कोणत्या वेळी झोपलेल्या असाल हे मला माहीत नसतं.